चरबी काढण्याच्या विद्येचा इतिहास

आपल्या मंडळाला यंदा २५ वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासद भगिनीने काहीतरी लिहून द्यावे, असे संपादिकाबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आपली एखादी पाककृती द्या." पाककृती देणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण सातवीत इतिहासाला माझे गुण वर्गात पहिले होते, आणि शाळा सुटली तरी सनावळ्या लक्षात ठेवण्याची खोड काही सुटली नाही. तेव्हा इतिहासच लिहिते. तो लढायांचा नाही. अंगावरची चरबी नळीने ओढून काढण्याची जी शस्त्रक्रिया असते, जिला लायपोसक्शन म्हणतात, तिचा आहे. विषय वाचून कोणी नाक मुरडतील. मीही मुरडले होते.

झाले असे. माझी धाकटी जाऊ ३६ वर्षांची आहे. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनची. त्यानंतर कंबर आणि मांड्या सुटल्या त्या सुटल्याच. एका लग्नाचे फोटो घरी आले, तेव्हा तिचा पाठमोरा फोटो पाहून भाऊजी सर्वांसमक्ष काहीतरी बोलले. बोलणे थट्टेचे होते आणि तीही हसली. पण त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवण सोडले. चार महिन्यांनी एका दुपारी आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो असता म्हणाली, "ताई, मी माझ्या पाटल्या मोडणार आहे. पुण्याला जाऊन चरबी काढून घेते. तुम्ही सोबत याल का? आत्ताच कुणाला सांगू नका."

मला राग आला. निरोगी अंगावर पैसे देऊन सुरी चालवून घ्यायची, हे काय वेड, असे मी तिला बोलले. ती रडली नाही की वाद घातला नाही, नुसती वाटाणे सोलत राहिली. तेव्हा मी समजले की ही जाणारच. मग जायचेच तर माहिती करून घेऊन जावे. माझी लेक परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने वैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकांतून वाचून मराठीत सांगायचे आणि मी वहीत उतरून घ्यायचे, असे आमचे पंधरा-वीस रात्री चालले. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे. जावेने तो आधी वाचला आहे आणि दोन वाक्ये मला खोडायला लावली आहेत. घरात सासूबाई सोडून सर्वांना आता ठाऊक आहे, आणि सासूबाईंना स्मरणिका वाचून दाखवणारी मीच.

रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेची गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याची हकीकत चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरात छापून आली आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१४ साली लंडनमध्ये तसेच नाक बसवले. हे लेकीने वाचून दाखवले तेव्हा मला फार बरे वाटले. पण मग लक्षात आले की ह्या आणि जावेच्या गोष्टीत अंतर आहे. कावसजीचे जे गेले होते ते त्याला परत दिले. इथे जे आहे ते काढायचे. हा मुद्दा पुढे एका न्यायालयात निघाला, तो येईलच.

पोटाची चरबी कापून काढण्याचे काम १८९९ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॉवर्ड केली या डॉक्टरांनी केल्याची नोंद आहे. ते स्त्रीरोगांचे नावाजलेले डॉक्टर. लोंबणारी कातडी आणि तिच्याखालची चरबी एकत्रच कापायची आणि वरून शिवून टाकायचे, अशी ती रीत. हिला आता टमी टक म्हणतात. ही नळीची शस्त्रक्रिया नव्हे, पण दोहोंतला फरक लक्षात ठेवावा, कारण आमचे त्यामुळे पुढे बरेच अडले.

यानंतर गोष्ट पॅरिसला जाते. पहिले महायुद्ध संपल्यावर तिकडे बायकांच्या झग्यांची लांबी कमी झाली आणि जन्मभर झाकलेल्या पोटऱ्या एकदम लोकांपुढे आल्या. पोटऱ्या जाड आहेत याची लाज वाटण्याचे कारणच आधी नव्हते, ते शिंप्याच्या कात्रीने तयार केले. अशा एका तरुणीने दुजारिए नावाच्या चांगल्या नावलौकिकाच्या शल्यविशारदाकडून पोटऱ्या बारीक करून घेण्याचे ठरवले. शस्त्रक्रियेनंतर पाय सडू लागला आणि शेवटी कापावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले. १९२९ साली पॅरिसच्या न्यायालयाने निकाल दिला की निरोगी पायावर, केवळ आकार सुधारण्यासाठी, एवढ्या धोक्याची शस्त्रक्रिया करणे हीच मुळात डॉक्टरची चूक. पुढे वरच्या न्यायालयाने हा नियम थोडा सैल केला. नाहीतर रूपासाठीची सगळीच शस्त्रक्रिया त्या देशात बंद पडली असती.

ह्या तरुणीचा मला विसर पडत नाही. चरबी काढण्याचा इतिहास जो तो तिच्यापासून सुरू करतो. पण वाचलेल्या पुस्तकांत डॉक्टरांचे नाव आहे, तिचे नाही. पुढे एका पायाने तिने संसार कसा केला, केला की नाही, हे कोणी लिहिलेले नाही. जावेला मी हे सांगितले तेव्हा ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "ताई, तेव्हाचं तेव्हा. आता तसं करत नाहीत." हे खरेच होते. पण आता तसे का करत नाहीत, ते मला पाहायचे होते.

पॅरिसच्या ह्या प्रकरणानंतर बरीच वर्षे कोणी ह्या वाटेला गेले नाही. १९६४ च्या सुमारास जर्मनीत श्रुड नावाच्या डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली. लहानशी चीर पाडायची, तीतून गर्भपिशवी खरवडण्याचे हत्यार आत घालायचे आणि कातडीखालची चरबी खरवडून काढायची. आपल्या बायकांना 'क्युरेटिंग' हा शब्द चांगला माहीत आहे. तेच हे हत्यार. खवणीने नारळ खवावा तसा प्रकार. नारळात रक्तवाहिन्या नसतात, मांडीत असतात. चरबीबरोबर त्याही तुटत, आत रक्त आणि लस साठून राही, कुठे कुठे वरची कातडी काळी पडून मरे. चीर लहान झाली, पण आतली नासधूस तशीच राहिली.

१९७४ च्या सुमारास रोममध्ये फिशर नावाच्या बापलेकांनी, दोघेही डॉक्टर, हत्याराला पोकळ नळी आणि ओढणारे यंत्र जोडले. म्हणजे चरबी खरवडायची आणि तिथल्या तिथे ओढूनही घ्यायची. पण खरे वळण आले १९७७ साली, पॅरिसमध्येच. इलूझ नावाच्या डॉक्टरांकडे एक नटी आली. तिच्या पाठीवर चरबीची गाठ होती आणि पाठ उघडी राहील असा पोशाख तिला घालायचा होता. गाठ जायला हवी पण मोठा व्रण नको, अशी तिची अट. इलूझ यांनी दूर एका बाजूला बारीक छिद्र पाडून बोथट टोकाची नळी आत घातली आणि गाठ ओढून काढली. गाठीची जमते तर साध्या चरबीची का जमू नये, असे त्यांच्या मनात आले, आणि तिथून आजचे लायपोसक्शन सुरू झाले.

सगळी मेख त्या बोथट टोकात आहे. धारदार हत्यार वाटेत येईल ते कापते. बोथट नळी मऊ चरबीतून जाते, आणि चिवट असलेल्या शिरा व रक्तवाहिन्या बाजूला सरकतात. आपण गादी पिंजायला देतो तेव्हा टाके उसवून सगळा कापूस काढतात. तसे न करता टाके शाबूत ठेवून मधूनमधून कापूस ओढून घ्यावा, तसे हे काम. टाके राहिले म्हणून वरचे कापड जागेवर राहते. इथे वाहिन्या राहिल्या म्हणून कातडी जिवंत राहते. म्हणूनच चरबी सगळी काढायची नसते. थोडी मुद्दाम मागे ठेवायची असते. पॅरिसचेच दुसरे डॉक्टर फूर्निए यांनी तर साध्या पिचकारीनेही, म्हणजे सिरिंजनेही, हे काम होते असे दाखवले आणि देशोदेशी जाऊन ते शिकवले. १९८० नंतर अमेरिकेतील डॉक्टर पॅरिसला जाऊन शिकून आले आणि बघता बघता ही शस्त्रक्रिया जगभर पसरली.

इथवर वही झाली आणि आम्ही पुण्याला गेलो. पहिल्या वेळी ज्या ठिकाणी गेलो त्याचे नाव लिहीत नाही. बाहेर गुळगुळीत फरशी, आत सुगंध, भिंतीवर बारीक कमरेच्या मुलींचे फोटो. डॉक्टर भेटलेच नाहीत. टेबलामागच्या मुलीने सांगितले, "एका दिवसात दहा किलो कमी. संध्याकाळी घरी. या महिन्यात सूट आहे." जाऊ पर्स उघडू लागली. मी विचारले, "किती लिटर काढणार? भूल कोण देणार? रात्री काही झाले तर बघायला कोण?" ती मुलगी हसली आणि म्हणाली, "मावशी, ते डॉक्टर त्या दिवशी सांगतील." मी जावेचा हात धरून उठवले. रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. स्वारगेटला चहा घेतानाही बोलली नाही.

हे तीन प्रश्न मी मनाने काढले नव्हते. तेही इतिहासातलेच आहेत, ते असे. इलूझ यांच्या नळीने वाहिन्या वाचल्या तरी रक्त जायचेच. त्या काळच्या कोरड्या पद्धतीत ओढून काढलेल्या ऐवजात शेकडा २० ते ४५ भाग रक्त असे. म्हणजे दोन लिटर काढले तर चारशे ते नऊशे मिलिलिटर रक्त गेले. आपल्याकडे पंडुरोगाच्या किती बायका आहेत, त्यांनी हा आकडा वाचावा. मग बाईला रक्त चढवा, पूर्ण भूल द्या, दवाखान्यात ठेवा.

ह्यावर तोड काढली कॅलिफोर्नियातील जेफ्री क्लाइन यांनी. ते त्वचारोगांचे डॉक्टर. १९८५ साली त्यांनी केले आणि १९८७ साली छापून प्रसिद्ध केले. मिठाच्या पाण्याच्या सलाइनमध्ये लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना हिरडीत देतात ते बधिर करण्याचे औषध, अगदी पातळ करून घालायचे. दातांच्या डॉक्टरांकडे असते त्याच्या वीस-चाळीस पट पातळ. त्यात रक्तवाहिन्या आवळून धरणारे अॅड्रेनलिन चिमूटभर. हे पाणी चरबीत इतके भरायचे की ती जागा फुगून टणक झाली पाहिजे. मग थांबायचे, आणि मग नळी घालायची. ह्या पद्धतीने रक्ताचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले, आणि बाईला पूर्ण भूल न देताही काम होऊ लागले. मला ह्या क्लाइनसाहेबांचे सगळ्यांत जास्त कौतुक वाटते. नवे यंत्र नाही, काही नाही. पाणी वाढवले आणि थोडा धीर धरला. स्वयंपाकघरात उभी राहणारी कोणतीही बाई हे समजेल.

पण त्यातही एक गोम आहे. लिग्नोकेन अंगात फार झाले तर विषारी होते. पूर्वीचा हिशेब माणसाच्या वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम असा होता. पातळ करून चरबीत भरले तर ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे क्लाइन यांनी १९९० साली दाखवले. म्हणजे ६० किलोच्या बाईला ४२० च्या ठिकाणी २१००. चालते याचे कारण ते चरबीतून हळूहळू रक्तात उतरते. हळूहळू म्हणजे किती, तर सुमारे बारा तासांनी त्याचे रक्तातले प्रमाण सर्वांत जास्त होते. तेव्हा सकाळी शस्त्रक्रिया करून संध्याकाळी हसत घरी पाठवलेल्या बाईच्या अंगात ते औषध रात्री, सगळे निजल्यावर, चढत असते. मी त्या मुलीला 'रात्री काय' म्हणून विचारले ते यासाठी.

विद्या सोपी झाली की ती कोणीही करू लागतो. तसे झाले. १९९९ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ह्या शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या पाच जणांची हकीकत एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. २००० साली अमेरिकेतील डॉक्टरांना विचारून केलेली मोठी मोजदाद प्रसिद्ध झाली. तीत ४,९६,२४५ शस्त्रक्रियांत ९५ मृत्यू निघाले. म्हणजे साधारण पाच हजार दोनशेत एक. आकडा लहान आहे असे कोणी म्हणेल. ज्या घरातली बाई गेली त्या घरात तो लहान नसतो, आणि ती काही आजारी म्हणून गेली नव्हती. ह्या मृत्यूंत सर्वांत जास्त, जवळजवळ चौथा हिस्सा, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊन बसल्याने झाले. काहींच्या पोटात नळी आरपार गेली होती. काहींना भूल बाधली. त्यानंतर तिकडच्या डॉक्टरांच्या संस्थांनी नियम घट्ट केले. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढायचे असेल तर रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त केंद्रातच, आणि रात्रभर देखरेखीखाली.

दुसऱ्या वेळी आम्ही ज्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो ते प्रौढ होते. नावापुढे एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी असे होते. लेकीने तेवढे पाहायला बजावले होते. रुग्णालय साधेच, पण अतिदक्षता विभाग होता. त्यांनी जावेला उभी करून पोटाची घडी चिमटीत धरून पाहिली, मग कमरेची, मग मांडीची. आधीचे आजार विचारले. मिश्री लावता का, तेही विचारले, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. ती लावीत नाही. मी लावीत होते, ती त्या दिवशी माझ्याकडे पाहून हसली.

मग त्यांनी स्पष्ट सांगितले, "बाई, वजन कमी करायला आला असाल तर परत जा. काटा फार हलणार नाही. ही आकार दुरुस्त करायची शस्त्रक्रिया आहे. कंबर आणि मांड्यांचं मी करीन. पोटाची मात्र कातडीच सैल आहे. आतली चरबी काढली तर रिकाम्या पिशवीसारखी लोंबेल. त्याला कापून शिवण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागेल, तिचा व्रण ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत येईल." ही १८९९ ची केलीसाहेबांची रीत, मी मनात म्हटले. जाऊ पोटासाठीच मुख्यतः आली होती. तिचा चेहरा उतरला. डॉक्टरसाहेबांनी विचार करायला महिनाभराचा वेळ दिला आणि त्या दिवशी एक पैसा घेतला नाही.

त्या महिन्यात लेकीने आणखी दोन गोष्टी वाचून दाखवल्या. २००४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे १५ लठ्ठ बायकांच्या पोटाची नऊ-दहा किलो चरबी ह्या पद्धतीने काढून तीन महिन्यांनी तपासले. त्यांचा रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी काहीच सुधारले नव्हते. एवढेच वजन कमी खाऊन आणि चालून उतरवले तर सुधारते. नळी जी ओढते ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली तशीच राहते. दुसरी गोष्ट २०११ सालची, कोलोरॅडोची. लठ्ठ नसलेल्या ३२ बायका घेऊन काहींची चरबी काढली, काहींची नाही, आणि वर्षभर मोजले. वर्षाने गेलेली चरबी परत आली होती. पण जिथून काढली त्या मांडीवर नाही, तर पोटावर. भाडेकरू काढावा आणि त्याने शेजारच्या खोलीत येऊन राहावे, तसे. हे मी जावेला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, "ताई, मला सगळं कळलं. माझ्या मांड्या घासून सोलतात चालताना, ते तुम्हाला माहीत नाही. मला फोटोसाठी नाही करायचं आता." हे खरोखर मला माहीत नव्हते. एका घरात चौदा वर्षे राहून माहीत नव्हते. त्यानंतर मी तिला अडवले नाही.

शस्त्रक्रिया सुमारे तीन तास चालली. आधी उभी करून अंगावर पेनाने रेघा ओढल्या, जसा शिंपी कापडावर खडूने ओढतो. आडवे झाल्यावर चरबी पसरते म्हणून खुणा उभेपणीच करतात. एकंदर अडीच लिटर काढले. संध्याकाळीच तिला उठवून शौचालयापर्यंत चालवले. ती नको म्हणत होती. मी धरून चालवली, कारण गुठळीची गोष्ट माझ्या वहीत होती. रात्रभर परिचारिका नाडी पाहून जात होती.

त्या रात्रीसाठी एक सांगून ठेवते, कारण आम्हांला कोणी नीट सांगितले नव्हते आणि मी घाबरून गेले. बारीक छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपत राहते. थोडेथोडके नाही, चादर भिजते. ते भरलेले पाणीच बाहेर येत असते, आणि आलेले बरे. जुन्या चादरी, मेणकापड आणि जुने टॉवेल बरोबर न्यावेत. गावी परत येतानाही चार तासांच्या वाटेत तीन वेळा गाडी थांबवून तिला चालायला लावले.

पुढचे दिवस बाळंतपणासारखे गेले. मांड्या जांभळ्या झाल्या, मग हिरव्या, मग पिवळ्या. हात लावला तर बधिर, आणि आत वाटाण्याएवढ्या गाठी. चौथ्या दिवशी तिने आरशात पाहिले आणि ओक्साबोक्शी रडली. सूज इतकी होती की आधीपेक्षा जाडच दिसत होती. पाटल्या गेल्या आणि हे मिळाले, असे तिला झाले. डॉक्टरसाहेबांनी आधी सांगितले होते की सूज उतरायला दीड महिना आणि खरा आकार कळायला तीन ते सहा महिने लागतात. पण सांगितलेले चौथ्या दिवशी आठवत नाही. मी वही काढून तिला तिच्याच अक्षरात लिहिलेले ते वाक्य दाखवले. ते मी तिच्याकडूनच लिहवून घेतले होते.

घट्ट पट्ट्याचा पोशाख मात्र दीड महिना, रात्रंदिवस. कातडी आतल्या मांसाला परत चिकटावी आणि मध्ये पाणी साठू नये म्हणून. एक अंगात, एक धुण्यात. धुतलेला आम्ही गच्चीवर टॉवेलाखाली वाळत घालीत असू. एके दिवशी वाऱ्याने टॉवेल उडाला आणि सासूबाईंच्या हाती तो पट्टा लागला. "हे कुणाचं गं?" जावेच्या तोंडून शब्द निघेना. मी म्हणाले, "तिची कंबर धरली आहे, डॉक्टरांनी बांधायला सांगितलं आहे." सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला. "चांगला आहे. आमच्या वेळी आत्याबाई जुन्या लुगड्याने पोट बांधायच्या, चाळीस दिवस. हा कुठे मिळतो? मलाही एक आणा."

आता सात महिने झाले. काटा दीड किलोने हलला, तो आता परत थोडा वर आहे. पोट तसेच आहे. मांड्या मात्र नक्की उतरल्या. चालताना सोलत नाहीत, आणि ती माझ्याबरोबर सकाळी कृष्णाकाठी फिरायला येते, जे आधी कधी येत नसे. एका मांडीला बाहेरच्या बाजूने थोडा खड्डा आहे, तो फक्त तिला आणि मला माहीत आहे. भाऊजींनी अजून काही म्हटलेले नाही. पाटल्यांविषयी तिने एकदाच विषय काढला, तो गणपतीत, गौरीच्या दिवशी, नेसून तयार झाल्यावर. मी माझ्या दोन काढून तिला दिवसभर घालायला दिल्या.

माझी वही सध्या मंडळातल्याच एका भगिनीने नेली आहे. नाव विचारू नये. परत आली की ज्यांना हवी त्यांनी घरी येऊन मागून न्यावी. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न शेवटच्या पानावर आहेत. मधली चार पाने हळदीच्या हाताने पिवळी झाली आहेत, ती सांभाळून उलटावीत.